कमरपट्ट्यातलं लग्न

३ जुलै १९९८, शुक्रवार. जलीब.
उठल्याबरोबर खोलीची विचारपूस केली. सुदेशचा खोकला बरा, असं त्याचं मत, भिंतीपलीकडच्यांचं नाही. यूसुफचं पोट ठीक. एसी दमलेला. माझी कंबर आहे तशीच. टेपची तब्येत उत्तम.
टेप दर्शनाच्या लग्नाची. कंपनीनं रजा दिली नाही, म्हणून लेकीचं लग्न इथे आखातात आलं. जावयाच्या मित्राच्या कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट. कॉपी न काढताच हिनं पाठवली. आधी तुम्ही बघा, म्हणे. बायकांना घाई फार. ती तसल्या कॅमेऱ्यातच चालते. तो एगैला भागातल्या साहेबांकडे, यूसुफ ज्यांची गाडी चालवतो. ते सुट्टीवर, ऑगस्टात येणार. तोवर टेप सांभाळायची. अवघड काय त्यात.

८ जुलै
एका पुस्तकात वाचलं. या टेपवर कोबाल्ट-निकेलचा थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यातले कण पंगतीसारखे ओळीनं बसलेले, तेच आपलं चित्र. धातू फार तापला की पंगत उठते, चुंबकपण जातं. आकडा हजार अंशांच्या आसपास दिलाय. पुस्तक थंड देशातलं. त्यांना जलीबचा जुलै काय ठाऊक.
निश्चय: टेप फ्रिजमध्ये.

११ जुलै
टेप फ्रिजबाहेर. सुदेशनं तिच्यावर बांगडे ठेवले. वर म्हणाला, "काका, लग्नाला वास आला तर मला बोलायचं नाही."

२० जुलै
उपाय सापडला. बाहेर पन्नास, अंगात सदतीस. म्हणजे दुपारी इथली सर्वांत थंड जागा मीच. कंबरेसाठी मॅग्नेटचा पट्टा घेतलाय, त्याच्या आत टेप खोवली. झोपेतही काढायची नाही.

२८ जुलै
मॅग्नेट जोरदार. सुदेश पाना शोधत बसला आणि मी तो पाठीला चिकटवून बकाल्यातून, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, दूध घेऊन आलो. यूसुफनं विचारलं, यानं टेपला काही होणार नाही ना? समजावलं, चुंबकाशेजारी चुंबक, भावकीच ती. एकमेकांना जोर देतात. सुदेश म्हणाला, "भावकीनं आजवर कुणाला जोर दिलाय, काका?" विज्ञानात गती नाही त्याला.
कंबरेला आराम नाही. पडेल.

६ ऑगस्ट
हिचा फोन. टेप बघितली का? म्हटलं, जिवापाड जपतोय. म्हणाली, जपायला नव्हती पाठवली. पाठवणीच्या वेळी दर्शना कॅमेऱ्यात बघून माझ्याशी काहीतरी बोललीय. काय ते सांगेना. तिच्याच तोंडून ऐका, म्हणाली. लाइन कटली.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
यूसुफनं कॅमेरा आणला. सगळी खोली आंघोळ करून टीव्हीसमोर बसली. सुदेशनं धुतलेला शर्ट घातला.
पांढरे ठिपके. खरखर. पुढे ढकललं. ठिपके. शेवटपर्यंत.
सुदेश हळूच म्हणाला, "अक्षता जरा जास्तच पडतायत, काका." कुणी हसलं नाही. तोही नाही.
म्हटलं, उकाडा. यूसुफ माझ्या कंबरेकडे बघत होता. "हो काका. उकाडाच," म्हणाला.

१५ ऑगस्ट
पत्र टाकलं. चि. दर्शना, जावईबापू कसे आहेत? विहीणबाईंचे गुडघे? तुझ्या आईचं बीपी? टेप बघितली. छान आलीय. तू सुरेख दिसतेस. फक्त पाठवणीच्या वेळी इथली मंडळी मोठ्यानं बोलत होती, त्यामुळे तू माझ्याशी काय बोललीस ते नीट ऐकू आलं नाही. तेवढं लिहून पाठव. लवकर.