झुलीखालचं अस्तर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी एक भांडण करायचं माझं राहूनच गेलंय. समोर असतीस तर "बरं बाई, तुझंच खरं" म्हणून पदर खोचत उठली असतीस आणि मागच्या गोठ्यात निघून गेली असतीस. तुझी ती युक्ती मला पाठ होती. म्हणून आता लिहायला बसलेय, तू उठून जाऊ शकत नाहीस तेव्हा. भांडण अर्थात घोडीवरून आहे. आपल्या घरात दुसऱ्या कशावरून भांडण झालंय कधी?

अण्णांनी ती पांढरी घोडी आणली तेव्हा आपण घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. अण्णा मार्केटात कांद्याबटाट्याच्या गोण्या उचलायचे. लग्नसराईत वरातीला घोडी दिली तर पाठीवरची गोणी कधीतरी उतरेल, असं त्यांनी मनात घेतलं होतं. घरमालकांची शेतं नवं शहर वसवायला सरकारने घेतली होती, त्यामागून बैलही गेले, तेव्हा त्यांचा गोठा रिकामाच होता. तो त्यांनी आपल्याला असाच वापरायला दिला. घोडी दिसायला देखणी, पण पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी आणि भलतीच नाजूक. पहिल्याच लग्नसराईत तिच्या खांद्यांवर, पोटाखालच्या तंगाच्या पट्ट्याजवळ आणि पायात घुंगरांचे चाळ बांधतात तिथे केस झडून लाल चट्टे उठले. जखमेची घोडी नवरदेवाला कोण आणणार? अण्णा तिच्याकडे बघत म्हणाले, "हिचं अंग आसंच ऱ्हायलं तर इकावी लागंल."  त्या दिवसापासून तिचं अंग राखणं हे तुझं काम झालं. कुणी दिलं नव्हतं, तूच ओढून घेतलंस.

सकाळी चूल, डबे, पाण्याचा नळ, सगळं माझ्या गळ्यात टाकून तू गोठ्यात. मी चहा घेऊन येते तेव्हा तू तिच्या खांद्यावरून उलटा हात फिरवत असतेस, केसांच्या विरुद्ध दिशेने, डोळे मिटून. "हितं हात लाव," तू म्हणतेस. "केसाची टोकं टोचत्यात का बघ. घासायला लागलं की आदी केस तुटत्यात, मग कातडं जातं. चट्टा दिसंस्तवर थांबलो तर उशीर झाला." मी हात लावते, मला काही कळत नाही. "कातडं न्हाई गं हे, दुधावरची साय हाय," असं म्हणून तू माझा हात बाजूला सारतेस. वरातीहून घोडी आली की आधी गार पाण्याने घाम धुवायचा, पुसून कोरडी करायची. चाळ बांधण्याआधी पायावरची माती काढायची, कारण पट्ट्याखाली अडकलेला एक खडादेखील दिवसभर घासतो. झुलीचं अस्तर कपड्याच्या पावडरने नाही, रिठ्याने धुवायचं, कारण पावडर कापडात राहते आणि घामात उतरते. एवढं सगळं तुला कुणी शिकवलं नव्हतं. तू चुकत चुकत शिकत होतीस, आणि चुकीचा चट्टा मात्र घोडीच्या अंगावर उठत होता.

सगळ्यात मोठी चूक तू मायेने केलीस. अण्णांनी नवी मखमली झूल आणली होती, वरून टिकल्याच टिकल्या आणि आतून त्या टिकल्यांच्या दोऱ्याच्या गाठी. त्या गाठी टोचू नयेत म्हणून तू तुझ्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीस. आपल्याकडच्या बायकांना माया दाखवायची म्हटलं की दुसरं सुचतं काय! बाळ झालं, गोधडी. पोरगी सासरी निघाली, गोधडी. थरावर थर घालून, जवळजवळ टाके मारून तू ती पुरी केलीस आणि झुलीखाली घातलीस. पण ही आपल्या गावाकडची, साताऱ्याची थंडी नव्हती, आई. खाडीवरची दमट हवा, चैत्राचं ऊन, त्यात बँडबाजा. गोधडीने सगळा घाम धरून ठेवला आणि तुझ्या टाक्यांच्या रांगा तिच्या ओल्या पाठीवर घासत राहिल्या. संध्याकाळी झूल काढली तेव्हा तुझी शिवण तिच्या कातडीवर जशीच्या तशी उठली होती. तू गोठ्यात बसून रडलीस आणि दुसऱ्या दिवशी उसवायला घेतलंस. त्यातलं जास्त झिजलेलं, मऊ लुगडं तेवढं ठेवलंस आणि एकेरीच लावलंस, शिवण सगळी वरच्या बाजूला, खांद्यावर सैल.

आणि मग जमलं. पुढची लग्नसराई सरली, तिच्या अंगावर एक चट्टा उठला नाही. खांद्यावर नवे केस आले. तू शेजारणींना बोलावून बोलावून ते केस दाखवायचीस. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसायचे, पण मला लाजही वाटायची.

मग घरमालकांच्या मुलाचं लग्न निघालं. त्याच आठवड्यात घोडी दोन वराती करून आली होती आणि तुझ्या उलट्या हाताला खांद्यावर काहीतरी टोचलं होतं. दिसत काहीच नव्हतं. तू त्यांच्या ओटीवर गेलीस, मी मागे उभी. "भाऊ, घोडी देते, पर झूल नगा घालू. नुसता फुलांचा हार घाला. आठ दिस हवा लागली तर वाचंल." ते वाईट माणूस नव्हते, आई. घोडीच्या पोटात दुखलं होतं तेव्हा रात्रभर तिला चालवत फिरवणारे तेच. ते कळवळून म्हणाले, "वयनी, तुमचा बरोबर हाय. पन पयलाच पोर माजा. उघडे घोडीवर बसवला तर लोका बोलतीन, वरात हाय का मैत?"  ज्यांच्या गोठ्यात घोडी उभी आहे त्यांच्या मुलाची वरात उघड्या घोडीवर काढायची, हे तुलाही तोंडाने म्हणवेना. तू झूल दिलीस, अस्तर धुऊन वाळवून दिलंस, तंग स्वतः बांधलास. पुढे फटाके लागल्यावर घोडी बिचकली. मुलगा पडू नये म्हणून पाहुण्यांपैकी कुणीतरी तंग आणखी आवळला. अण्णा लगाम धरून पुढे होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

परत आल्यावर तू झूल उचललीस, तर अस्तर खांद्याला चिकटलेलं होतं. पाणी मारून मारून सोडवलंस, तरी केसांसकट कातडी निघालीच. पुढे मलम, हळद, माश्यांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, सगळं केलंस. खपली धरायची, आणि ठरलेली वरात यायची. नाही म्हणता येत नव्हतं, कारण वैरण त्या वरातींवरच येत होती. खपली निघायची. शेवटी शेवटी लोकच तोंड फिरवू लागले. घरमालक गोठ्यात येऊन उभे राहिले, "माजेच घरच्यानी केला हा," म्हणाले, आणि तू त्यांनाच पाणी दिलंस. अण्णांनी घोडी विकायला काढली; दिघ्याचा एक माणूस येऊन तिला बघून गेला, मग न्यायला आला. तू त्याला सांगत होतीस, रिठ्याने धू, एकेरी लाव, शिवण वर ठेव. तो हो हो करत होता. त्याच्या खांद्यावर तिच्यासाठी आणलेला रेग्झीनचा कडक, घाम धरून ठेवणारा पट्टा होता. आपल्या दोघींनाही तो दिसला.

आता भांडणाचं. घोडी गेली त्यानंतर तू पहाटे उठायचीस आणि ओट्याशी बसून राहायचीस. मी चहा द्यायचे, तू घ्यायचीस. मी दहावीचं सांगायचे, माझी पाठ दुखते सांगायचे, तू हं म्हणायचीस. एकदा मुद्दाम तुझ्यापुढे केस सोडून बसले, विंचरून दे म्हणून. तू फणी घेतलीस, दोन वेळा फिरवलीस आणि हात तसाच माझ्या मानेवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिलीस. मी हलले नाही. बऱ्याच वेळाने तू हात काढून घेतलास आणि भाजी निवडायला बसलीस. पुढे जितकी वर्षं होतीस, तितकी अशीच.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं, कारण पुढचं तुला कळू नये असंच मला अजून वाटतं. दिघ्याचा माणूस तिला घेऊन गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा तू भिंतीला धरून खाली बसलीस, आणि मी आत जाऊन मनातल्या मनात म्हटलं, सुटलो, आता आई आपली झाली.