अधिकाचं वाण

धायरी, पुणे
रविवार, २४ मे २०२६

प्रिय निकिता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला, शालनताईंना, माझा जय भीम सांग. त्यांचा गुडघा आता कसा आहे, तेही कळव.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन रेघा निळ्या होतात, म्हणजे वाचतेस, पण उत्तर येत नाही. पत्र आलं की निदान दारात जाऊन घ्यावं तरी लागतं, म्हणून हा जुना उपाय. वाघोलीचा पत्ता विक्रमने शोधून दिला. अक्षर समजून घे. निवृत्त झाल्यापासून फळा सुटला आणि हाताला शिस्त राहिली नाही.

इकडे ठीक आहे. उकाडा मी म्हणतोय. तुझ्या काकांना साखर निघाली आहे, पण ती त्यांना मान्य नाही. डॉक्टरांनी आंबा बंद केलाय, तर म्हणतात, "आंबा कुठं खातोय? रस खातोय."

आता कामाचं. येत्या रविवारी, एकतीस तारखेला, आमच्याकडे जेवायला ये. शालनताईंनाही घेऊन ये. नुसतं जेवण नाही, धोंड्याचं जेवण आहे. तुमच्या घरी हे पाळत नाहीत, म्हणून मास्तरीणबाईसारखं समजावून सांगते. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्याला स्वतःचं नावसुद्धा नसतं, शेजारच्या महिन्याचं उसनं घेतो. लोक त्याला अधिक म्हणतात, आमच्या गावात धोंड्याचा महिना. त्यात लग्नं लावत नाहीत. पण लेक-जावयाला घरी बोलावतात, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात आणि जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण देतात. लग्न नाही, पण जावयाचा मान आहे, असा हा विचित्र महिना. कुणाला सोयीचा आहे ते तूच बघ.

मागचा अधिक आठवतो? त्या वर्षी दोन श्रावण होते. तुम्ही दोघी जेवायला आला होतात. निघताना मी तुझ्या हातात स्टीलचा डबा दिला आणि म्हटलं, "खाऊ आहे, ने." दुसऱ्या दिवशी तू तो हिंजवडीला ऑफिसात नेलास आणि सगळ्यांना वाटून टाकलास. तेजूने मला फोन केला. हसू आवरेना तिला. "आई, तुझं वाण पार सहाव्या मजल्यापर्यंत पोचलं. एक आसामचा मुलगा कृती विचारतोय."

लिहिलं बघ शेवटी तिचं नाव. एवढा वेळ टाळत होते.

तर निकिता, तो खाऊ नव्हता. डब्यात तेहेतीस होते. पहिले चार हसले, म्हणजे तुपात पसरून फुटले, त्याला आम्ही हसणं म्हणतो. ते बाजूला ठेवून पुन्हा केले, कारण जावयाला फुटका अनारसा देत नाहीत. मी बोलले नाही. एक तर तुमच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत हे तेजूने सांगितलं होतं. वाण म्हटलं असतं तर तुला अवघड झालं असतं. आणि दुसरं, ह्यांना किती कळलंय याचा मला अंदाज नव्हता. तेजूलाही शपथ घातली होती. ती वाद मात्र घालायची. "आई, आमच्यात जावई कोण, सून कोण, असं काही नसतं." मी म्हटलं, बाई, तुम्ही काय ते ठरवा, मी दोन्हीकडून सासूच.

त्याच ऑक्टोबरात कोर्टाचा निकाल आला. लग्न नाही म्हणाले, ते संसदेने बघावं. तेजूने दोन दिवस माझा फोनही उचलला नाही. पुढच्या वर्षी बँकेत एकत्र खातं काढता येईल असं आलं, रेशनकार्डावर दोघींना एका घरातलं धरतील असंही आलं, तेव्हा पुन्हा खुलली. "हप्त्याहप्त्याने लग्न होतंय आमचं," म्हणायची. मृत्युपत्र करून ठेवू, हेही म्हणाली होती. पावसाळा होऊ दे म्हणाली. मृत्युपत्राची घाई करायचं तिचं वय होतं का? यंदा मार्चात डोक्यातली शीर फुटली आणि तुला चहा टाकते म्हणून उठलेली माझी लेक स्वयंपाकघरातून परत आली नाही.

तू तिच्याजवळ होतीस. त्याचं मला किती समाधान आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

दहाव्याला विक्रम म्हणाला, "कात्रजच्या फ्लॅटचं काय करायचं?" तू तिथेच भांडी आवरत होतीस. माझ्या या लेकाची जीभ कायम डोक्याच्या पुढे धावते, लहानपणापासून. मनात काळं नव्हतं त्याच्या, पण तुला लागलं. महिन्याभरात कुरियरने किल्ल्या आल्या आणि एक चिठ्ठी, "कायद्याने घर तुमचं आहे, काका-काकू."

मी त्या किल्ल्या हातात घेऊन बसले आणि मला माझं माहेर आठवलं. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडीच्या कागदावर माझी सही घेतली आणि साडी-चोळी केली. मी हसत सही केली. वाईट दिसेल म्हणून. आम्ही बायका किल्ल्या फार लवकर परत देतो गं. तुझ्या चिठ्ठीतला तो समजूतदारपणा मला नीट ओळखू आला, म्हणून जास्त टोचला.

ह्यांच्या चुलतभावाची तनुजा वकील आहे, तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, तेजस्विनी अविवाहित होती, मृत्युपत्र नाही, तेव्हा वारस आई-वडील. तेरा वर्षं एका माणसाबरोबर संसार केलेली माझी मुलगी कागदावर अविवाहित. दोघींनी मिळून हप्ते भरले, पण कर्ज काढताना तुझी नोकरी नवी होती म्हणून घर तिच्या एकटीच्या नावावर राहिलं, आणि आता ते आमचं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बक्षीसपत्र कर. निकिताच्या नावानं."

तनुजा टाइप करायला लागली. मध्येच थांबून तिने विचारलं, "काका, नातं काय लिहू? मयत मुलीची मैत्रीण लिहिते."

"मैतरीण न्हाय. मैतरीण चहाला येती आन् जाती."

"मग काय लिहू?"

"जावई लिव."

मी चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. जावई पुल्लिंगी आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण त्या वेळी तोंड उघडलं नाही.

तनुजा म्हणाली, "काका, नवरा, बायको, मुलं, नातवंडं, अगदी मयत मुलाची बायको, यांना घर दिलं तर मुद्रांक शुल्क नावापुरतं असतं. बाकीच्यांना परक्यासारखंच भरावं लागतं. जावई त्या सवलतीत नाही."

"म्हंजी जावई परका?"

"शुल्कापुरता, हो."

"मंग झालं की. सगळ्यांचं जावई परकं, तसा आमचा बी परका. लिव."

तनुजाने हसू दाबलं आणि लिहिलं, "आमच्या मयत मुलीची जोडीदार, आम्हांस जावयाच्या ठिकाणी असलेली." ह्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

परतताना रिक्षात मला म्हणाले, "अनारसं करणार हाईस ना? मागल्या बारीला डब्यात तेहेतीस व्हतं."

मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मोजलं व्हतं."

तीन वर्षं मी ह्यांच्यापासून लपवत होते, आणि हे माझ्यापासून. पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा, कायद्याने मान्य असलेला, आणि त्यात ही तऱ्हा.

माझ्या थोरल्या जाऊबाई, कांताबाई, तुला ठाऊकच आहेत. त्यांनी हरकत घेतली की अधिकात असलं काम करू नये. हे म्हणाले, "वहिनी, सरकारी कचेरीला अधिक नसतोय." त्यामुळे सोमवारी, एक तारखेला, नोंदणीला जायचं ठरलंय. विक्रम गाडी घेऊन येणार आहे. तो स्वतःहून म्हणाला, मी सांगितलं नाही. तुला तोंड कसं दाखवू, हे मात्र त्याने मला चारदा विचारलं.

आता खरी अडचण ऐक. बक्षीस देणाऱ्याने दिलं म्हणून भागत नाही. घेणाऱ्याने स्वीकारलं पाहिजे, तशी सही केली पाहिजे, असं तनुजा सांगते. म्हणजे आम्ही दोघं कितीही सह्या केल्या तरी ते घर तुझं करणं आमच्या हातात नाही. ते तुझ्याच हातात आहे. त्या घरात राहायचं का नाही, ते तुझं तू बघ. तिने भिंतीवर वाकडी ठोकलेली ती फळी रोज बघवणार नसेल तर भाड्याने दे, विकून टाक, मी विचारणार नाही. पण किल्ल्या परत करून जाणारी पाहुणी तू त्या घरात नव्हतीस. एवढं माझ्यासाठी मान्य कर.

मी तुला ओवाळणार नाही, देवापुढे उभं करणार नाही. माझा दिवा मी माझा लावीन. तुम्ही मायलेकी ताटावर बसा आणि जेवा. विहीणबाईंना तूप जास्त चालतं का, तेवढं कळव.

तांदूळ आज भिजत घातले आहेत. तू नाही आलीस तरी अनारसे होतीलच, मग ह्यांची साखर तुझ्या डोक्यावर. हात आता पहिल्यासारखा नाही, चार-पाच हसतील. हसू देत. तेजूची आठवण म्हणून तेही डब्यात घालीन, तेहेतीसच्या वर.

या वेळीही ऑफिसात वाटलेस तर माझी हरकत नाही. फक्त कुणी दिले म्हणून विचारलं, तर नीट सांग.

वाट बघणारी,
तुझी सासू,
सुशीला