कुलपात पिकवलेले टोमॅटो

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे म्हणून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी मला शंका आहे. शंका घेतल्याशिवाय मला पत्रसुद्धा सुरू करता येत नाही, हे तुला काही नवीन नाही. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधता शोधता माणसांच्या हसण्याखालीही मेण दिसायला लागलं. हे म्हणतात, नोकरीला कशाला बोल लावतेस, तू पाळण्यापासूनच तपासनीस होतीस. मी ह्यांच्याकडे लक्ष देत नाही.

यंदा गॅलरीत एकच रोप आहे, बाबांच्या बियांचं. हात-दीड हात खोल कुंडी, आधाराला काठी, बेचक्यातले फुटवे दर आठवड्याला खुडते. सगळं रीतसर. पण शेजारच्या गॅलरीत तो दंतवैद्य राहायला आल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. दोन गॅलऱ्यांत जेमतेम हातभर अंतर. रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभा राहतो आणि विचारतो, काय मावशी, कधी पिकणार? दुसऱ्याच्या टोमॅटोची इतकी चौकशी करणारा माणूस सरळ कसा असेल? तो येण्याआधी तिथे एक शिवणकाम करणारी बाई होती, तिचीही नजर काही बरी नव्हती. म्हणून मी पहिल्या वर्षापासून एक नियम केला. फळाचा हिरवा रंग जरा फिका पडला, देठापासच्या भागावर पिवळसर झाक आली, की कात्रीने तोडायचं, कागदात गुंडाळायचं आणि कपाटाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावायचं. चार-पाच दिवसांत छान नारिंगी होतात. हे विचारतात, किल्ली कुणापासून लपवतेस, घरात आपण दोघंच आहोत. तेच तर.

तर हे असे पिकलेले टोमॅटो मी पहिल्या वर्षी तोंडात टाकले आणि माझं डोकं फिरलं. रंग बाबांचा, आकार बाबांचा, गोटीएवढा, आणि चव आंबटढोण! बाबा गेल्यावर बियांची डबी तुझ्याकडे आली होती. तू मला त्यातल्या मूठभर दिल्या होत्यास. मी सरळ हिशेब मांडला, गोड झाडाचं बी हिने स्वतःला ठेवलं आणि माझ्या पदरात आंबट टाकलं. नुसता मांडला नाही, दादाच्या घरी सगळे जेवायला बसलेले असताना बोलून दाखवला. तू ताट पुढे सरकवलंस, वहिनी अडवत होती तिचा हात सोडवलास आणि गेलीस. त्याला तीन वर्षं झाली.

पुढची दोन वर्षं तरीही तुझं पाकीट आलं. आत बी, चिठ्ठी नाही. मी म्हटलं, बघा, मन खातंय तिचं. अर्धं बी पुरावा म्हणून डबीत जपून ठेवलं, अर्धं लावलं. पडताळणीसाठी बाजारातून आणखी दोन जाती आणल्या, एक लाल गोल, एक पिवळी लांबोळी. दुकानदाराने साखरेसारखी गोड म्हणून शपथेवर दिल्या. त्याही आंबट निघाल्या. एखाद्या शहाण्या बाईला तेव्हाच काहीतरी कळलं असतं. मी दुकानदाराला चोर ठरवून मोकळी झाले.

परवा झारी भरायला बादली सरकवली, तर मागे एक फांदी वाकून भिंतीला टेकली होती. तिच्यावर पाच टोमॅटो. माझ्या नजरेतून सुटलेले म्हणून झाडावरच राहिलेले. गडद नारिंगी. मी नुसतं बोट लावलं आणि एक आपसूक तळहातावर आला. तिथेच खाली बसून खाल्ला. गोड! धाकटे, मी रडले गं. साठी उलटलेली बाई, बादलीला टेकून.

बाबांच्या घड्याळांच्या दुकानाची खिडकी आठवली. तेलाच्या डब्यांतली रोपं, आणि खाली ओंजळ धरून उभ्या आपण दोघी. बाबा तोडू द्यायचे नाहीत. बोट लावा, म्हणायचे, त्याला यायचं असेल तर येईल, नाही आला तर उद्या या. तू उद्या यायचीस. मी त्यांची पाठ वळली की पिरगाळून घ्यायचे, कारण उद्यापर्यंत तू खाशील ही धास्ती. मग माझा आंबट आणि तुझा गोड. बाबा तुला मुद्दाम गोड झाड दाखवतात, अशी माझी तेव्हापासूनची खात्री. झाड एकच होतं.

यंदा तुझं पाकीट आलं नाही. महिनाभर रोज खालची टपालपेटी उघडून बघितली. आधी पोस्टमनवर संशय घेतला, मग ह्यांच्यावर. मग संशय घ्यायला कुणी उरलं नाही. पुराव्याची डबी काढली आणि त्यातलं बी लावलं. तेच हे झाड. चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा दादा-वहिनीला फोन करून तेही सांगितलं आहे. पण माझ्या जिभेवर आता माझाच विश्वास नाही. ती चव ओळखणारं तुझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही, दादाने तर जन्मात टोमॅटो खाल्ला नाही. फांदीवर अजून चार आहेत. मी तोडणार नाही. कात्री ह्यांच्या ताब्यात दिली आहे आणि दुपारी मी घरात नसते तेव्हा लक्ष ठेवायला त्या दंतवैद्यालाच सांगितलं आहे. रविवारपर्यंत थांबतील, पुढे साल फुटेल. ये. बोट तू लाव, खाली ओंजळ मी धरते.

तुझीच,
ताई