आधी पिसवा, मग उंदीर

आई, तुझा ताप बहुतेक टायफॉईडचा नव्हताच. हे इतक्या वर्षांनी कळलं, तेही तुझ्या पणतीकडून. ती अंदमानात तापाची पाहणी करते. पिंजऱ्यात उंदीर धरायचे, बारीक फणीनं त्यांचे केस विंचरायचे, पांढऱ्या ताटात पडलेल्या पिसवा मोजायच्या आणि घरोघर विचारत फिरायचं, ताप कुणाला आला, त्याआधी घरात उंदीर मेले होते का. मी फोनवर म्हटलं, "बाई, आपल्या घराण्यात उंदरांची वेणीफणी करणारी तूच पहिली." ती हसली. मग म्हणाली, "आजोबा, उंदीर मेला की पिसवा त्याचं गार अंग सोडून माणसावर येतात. चावलं की आपण खाजवतो आणि त्यांची घाण अंगात जाते. म्हणून आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर." मला आपली मागची खोली आठवली.

अक्कलकोट रोडच्या मागांवरून आलेले टॉवेलचे गठ्ठे मागच्या खोलीत पडलेत, तू त्यांवर बसून दशा वळतेस. उंदीर गठ्ठे कुरतडायचे, म्हणून मी भाकरीत औषध कालवून कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवलं. तिसऱ्या दिवशी सात पडले. मी शेपट्या धरून तुला दाखवतोय, आणि तू नाकाला पदर लावून म्हणतेस, "उंदरं पडली की घर सोडायचं. माझी आजी माळावर जाऊन ऱ्हायली हुती. चल, चार दिस मावशीकडं जाऊ." मी वाचनालयातली पुस्तकं वाचून शहाणा झालेला. "आई, प्लेग कवाच गेला की. पुस्तकात हाय."

"पुस्तकाला पिसू चावती व्हय रं?" म्हणालीस, आणि परत गठ्ठ्यावर बसलीस. मालकाला माल द्यायचा होता, आणि मी हसत होतो.

आठवड्याभरानं ताप आला. डोकं ठणकतं म्हणून तू कपाळाला फडकं आवळून घेतलंस. पोटावर पुरळ उठलं, ते मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. टॉवेलच्या रंगानं उठलं असेल, असं वाटलं. बाराव्या दिवशी तू गेलीस. वेळेत कळलं तर हा पिसवांचा ताप साध्या गोळ्यांनी उतरतो म्हणे. तुझा तोच होता का, हे आता कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही, असंही पोरगी म्हणाली.

मी तिला गठ्ठे, उंदीर, तुझ्या आजीचा माळ, सगळं सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, "औषध कुणी ठेवलं होतं?" मी म्हटलं, "मालकाच्या माणसानं."

खरं कळवावं म्हणून आज कागद घेतला, तर वर 'आई' असंच लिहिलं गेलं. तुला हा पोचायचा नाही आणि तिला पाठवायचा धीर होत नाही. तिच्या वहीत अजून मालकाचा माणूसच आहे.