इंदूच्या वतीने

बिर्ला नगर, ग्वाल्हेर
२४ सप्टेंबर २०२४

प्रिय इंदू,

तू चार महिन्यांनी मोठी म्हणून नमस्कार, आणि हट्टीपणात धाकटी म्हणून आशीर्वादही. दुपारी तुझं जेवण झालं की निवेदिता हे पत्र वाचून दाखवील. निवेदिता, काही गाळू नकोस गं. तुझ्या आत्यासासूला सगळं चालतं.

इथे अजून उकाडा आहे. काल आपल्या नेहमीच्या बेडई-पुरीवाल्याने विचारलं, "बड़ी दीदी इंदौर से कब लौटेंगी?" म्हटलं, "दशहरे के बाद." का म्हटलं, देव जाणे.

वरचा पत्ता ऐकून विचारशील, सुधा बिर्ला नगरात कशी? गरिमाकडे आहे, माझ्या भाचीकडे. तुझं घर पुष्करने भाड्याने दिलंय. तो मला म्हणाला होता, "मावशी, वरच्या खोलीत तुम्ही राहा की." पण इंदू, तुझ्या चौक्यात दुसऱ्या कुणी घातलेली फोडणी मला जिन्यात ऐकवली नसती. तुळस तेवढी उचलून आणली.

पुष्करवर रागावू नकोस. तू चौक्यात पडलीस त्या दिवशी मी तुला कंपू भागातल्या हॉस्पिटलात नेलं. औषधं त्यांनी लगेच सुरू केली, पण पुढचं ठरवायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?" टेलिफोन एक्सचेंजमधली नोकरी, मग एका घरातला एवढा संसार, हे सगळं कोणत्या नात्यात बसवायचं? म्हटलं, "सहेली." त्या म्हणाल्या, "घर के किसी को बुलाइए." त्यांचंही काही चुकलं नाही.

भाचा म्हणून पुष्कर आला, तुला इंदूरला न्यायची गोष्ट निघाली तेव्हा मी त्याला म्हटलं, "तिला ग्वाल्हेरातच राहायचंय."

"आत्या असं म्हणाली होती?"

"पन्नासदा."

"कुठे लिहून ठेवलंय का, मावशी? असतं तर मी नेण्याचं नावही काढलं नसतं. आता लोकांना काय सांगू, कुणाच्या भरवशावर सोडलं?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

बँकेतल्या बाईंनी एकदा तुला सुचवलं होतं, आठवतं? मुखत्यारपत्र करून ठेवा म्हणून. तू हसलीस. "हातपाय चालताहेत तोवर कशाला?" मलाही ते पटलं होतं.

गेल्या आठवड्यात गरिमा मला पडाव भागात संग्रामसिंह वकिलांकडे घेऊन गेली. मी तुझंच विचारायला गेले होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "कागज़ तो तब बनेगा, जब वो समझकर हाँ-ना कर सकें. कर पाती हैं?" तिथूनच पुष्करला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, कधीकधी ती मलाही ओळखत नाही."

एवढी मोठी गोष्ट मला सांगितली नाहीस म्हणून आधी तुझाच राग आला. मग लक्षात आलं, तू सांगणार कशी!

मी डोळे पुसेपर्यंत वकील थांबले. मग म्हणाले, "दीदी, उनका तो रह गया. आपका बना दें?"

माझं केलं. बँक आणि पेन्शन गरिमा बघेल. आजारपणात माझ्या वतीने कोणी बोलायचं, तो कागद वेगळा, त्यातही तीच. शेवटी वकिलांनी विचारलं, "बोल न पाईं, तो कहाँ रहना चाहेंगी?" गरिमा माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी तिचं घर सांगेन.

म्हटलं, "इंदौर. इंदू के पास."

वकिलांचं पेन थांबलं. "वो लोग रखेंगे?"

गरिमाने पुन्हा फोन लावला. या वेळी निवेदिताने उचलला. सगळं ऐकून ती म्हणाली, "सुधामावशी, त्यासाठी आजारी कशाला पडायचं? आत्ताच या ना."

मी फोन गरिमाच्या हातात दिला.

तर नवरात्र बसायच्या आत येते. तुळस गाडीत नेऊ देतील की नाही, बघते. मला ओळखलं नाहीस तरी घाबरू नकोस. रोज सकाळी मी तुला माझं नाव सांगेन, आणि मग तुझंही.

तुझ्या उशाशी बसायला निघालेली,
सुधा