सुरभीच्या खुर्चीपाशी पंचाहत्तर डेसिबल

२४ ऑक्टोबर
काल सुरभी भाऊबीजेला माहेरी, खालापूरला गेली. चार दिवस घर माझं. होम थिएटर आणल्यापासून बाईनं एकदाही नीट सेट करू दिलं नाही. मोजायचा माइक ठेवला की नेमकी कुकरची शिट्टी. स्क्रीनवर स्पष्ट येतं, शांतता ठेवा. पण हिला सांगणार कोण! दोन दिवसांत काम फत्ते, मग तिला आणायला जाणार. तिच्यासाठीच तर चाललंय.

२६ ऑक्टोबर, सकाळी
सबवूफरची जागा शोधायची पद्धत: तो खुर्चीत ठेवायचा, आपण खोलीभर रांगायचं. बास, म्हणजे खर्जाचा आवाज, जिथे भरदार, तिथे त्याची जागा. दीड तास रांगलो. शेजारचा शेतकरी पोपट दारातून म्हणाला, "काय हरवलंय रं?" रांगतच राहिलो. उत्तम जागा सुरभीच्या शिलाई मशीनची निघाली. मशीन पडवीत ठेवली. तिला पटेल.

२९ ऑक्टोबर
पोपटची भाताची मळणी दिवसभर. मोजणी चार वेळा फेल. थांब म्हटलं तर म्हणतो, "आदी वैनीला आण. वाट बगत आसंल." नवरा आणायला गेल्याशिवाय बाई माहेरून निघत नाही, हे मला माहीत नाही का? रविवारी नक्की.

२ नोव्हेंबर, रविवार
पोपट कडावच्या बाजारात. अखेर शांतता! दाराला कडी, फोन सायलेंट. आधी माझी खुर्ची, मग तिची. पाचही स्पीकर पंचाहत्तर डेसिबल. सबवूफरसुद्धा. पहिल्या फटक्यात! मग दुपारभर मोठ्या आवाजात बास ऐकून पाहिला.

संध्याकाळी
सुरभीचे अकरा मिस्ड कॉल. उलट फोन केला, उचलला नाही. गाल फुगवून बसली असेल. उद्या जातो.

३ नोव्हेंबर
मी बाइक पुसत होतो, तर मेहुणा नवनाथ टेंपो घेऊन दारात. म्हणाला, ताई काल रीत मोडून एकटीच आली होती. दार बडवलं, फोन केले. आतून नुसता घूं घूं आवाज. मग तिला पडवीत मशीन दिसली. "तुमीच भायेर काडलीत, दाजी. म्हणून न्यायला आलो." मी बासचं समजावू लागलो. त्यानं मशीन उचलली.

दुपारी
तिच्या खुर्चीत बसून ऐकलं. आवाज खरंच सुंदर आहे. फार रडलो.
सगळं बंद केलं. कुकरमध्ये नुसतं पाणी घालून गॅसवर ठेवला. तीन शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरात उभा होतो.