राहिलेलं मूळ

प्रिय धाकट्या,

फोनवर तू ‘पेशंट बसलेत’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पेशंट म्हणे! गेल्या महिन्यात बाबांना घेऊन आले, तेव्हा तुझ्या दवाखान्यात आमच्याशिवाय होते ते काचेच्या पेटीतले मासे.

बाबांची वरची दाढ तू काढलीस. काहीतरी कट्‌कन मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. तू मात्र ‘किती सोपं होतं!’ म्हणत आलास आणि आरशात केस सारखे केलेस. त्या संध्याकाळपासून बाबांचं डोकं ठणकतंय. गालातून निघालेली कळ डोळ्यामागून थेट कपाळात जाते. दुकानात घड्याळ उघडून, डोळ्याला भिंग लावून वाकले, की हातातलं सगळं टाकून डोकं धरून बसतात. तुला कळवलं, तर तुझं उत्तर काय? ‘वय झालं की दुखतंच. त्यांना लाड हवेत.’ ज्या माणसाने तापातही कधी दुकान बंद ठेवलं नाही, त्याला लाड हवेत! धन्य आहेस. पदवी चौकटीत घालून तिच्यावर दिवा लावलास. बाबांच्या तोंडात काय उजेड पाडलास ते आता ऐक.

परवा मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला. दाढेचं मूळ मोडून आतच राहिलंय, गालाच्या हाडातल्या पोकळीत घुसलंय, आणि तिथे पू धरलाय. ‘ही दाढ काढली कुणी?’ बाईंनी विचारलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा हात दाबला. म्हणाले, ‘परगावी काढली, बाई. नाव नाही आठवत.’ साठ माणसांत तुझं कौतुक सांगणारे बाबा तुझं नाव विसरले! बाहेर आल्यावर मला म्हणतात, ‘त्याला बोलू नकोस. हात बिचकेल त्याचा.’

बाईंनी तात्पुरत्या गोळ्या दिल्यात. मूळ लगेच काढायला हवं, आणि ते कसबी माणसाचंच काम आहे. पण बाबा हटून बसलेत. काढून घेईन तर माझ्या पोराकडूनच, म्हणतात. सोमवारी तुझ्याकडे येतील. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. म्हणून तुझ्यासारख्याला पत्र लिहायची वेळ आली. त्यांना खुर्चीत बसवू नकोस. दवाखान्याला कुलूप लाव, त्यांना स्वतः बाईंकडे ने आणि बाईंसमोर एकदाच म्हण, ‘बाबा, हे मला जमणार नाही.’

संतापलेली, तरी तुझीच,
ताई